‘चालू’ म्हणजे काय?

निगडीला प्राधिकरणात आमच्या घराजवळ म्हाताऱ्यांचा एक कट्टा आहे. तेथे गेल्या हिवाळ्यात एका विद्वान गृहस्थांनी विमान-अपघातांवर आम्हांला चांगले पाऊण तास सुनावले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वैमानिक आणि मनोऱ्यातला नियंत्रक यांना परक्या इंग्रजीत बोलावे लागते, म्हणून घोटाळे होतात, ज्याला त्याला मातृभाषेत बोलू द्या, माणसे मरणार नाहीत. टाळ्या पडल्या. मी वाजवली नाही. तेव्हापासून मी मराठीचा वैरी ठरलो आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मराठीवर माझा लोभ कुणाहून कमी नाही. परंतु अस्सल मराठीत एका माणसाची दोन बोटे गेलेली मी पाहिली आहेत. या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे काढली. नाव सांगण्याचे कारण नाही. प्रेस शॉपमध्ये डाय बसवण्याचे काम चालले होते. सेटर प्रेसच्या मागच्या अंगाला, हात आत. हेल्पर पुढे पॅनलपाशी. सेटरने ओरडून विचारले, “चालू?” मेन स्विच अजून चालूच राहिला की काय, असा त्याचा प्रश्न. यंत्रांच्या गदारोळात शब्द पोचला, प्रश्नाचा हेल मात्र बुडाला. हेल्परने ऐकले, “चालू!” तो म्हणाला, “हो, चालू!” आणि त्याने बटण दाबले. सेटर साताऱ्याकडचा, हेल्पर बार्शीचा. मध्ये इंग्रजी कोठे आली?

आता टेनेरिफ बेटावरचा 27 मार्च 1977 चा अपघात पाहा. धुक्यात एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमाने. डच विमानाला मार्गाची परवानगी देताना नियंत्रकाच्या वाक्यात ‘टेक-ऑफनंतर उजवीकडे वळा’ असे शब्द आले. उड्डाणाची परवानगी त्याने दिलेलीच नव्हती. डच सहवैमानिक ती सूचना परत म्हणून दाखवून शेवटी म्हणाला, ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत.’ म्हणजे उड्डाणाच्या जागी उभे आहोत, की निघालो? नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला. विमान तर सुटले होते. (हे वाक्य डच वळणाने इंग्रजीत उतरले असे काही जाणकार म्हणतात. म्हणजे येथे मातृभाषाच नडली म्हणायची!) नियंत्रक ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला आणि मग ‘थांबा, मी सांगतो’ म्हणाला. नेमके त्याच क्षणी अमेरिकन विमानही ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असे सांगू लागले. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि डच विमानात ऐकू आली ती बहुतेक शिट्टी. 583 माणसे गेली. ‘टेक-ऑफ’ आणि ‘चालू’ यांत मला तरी फरक दिसत नाही.

व्याख्यात्यांचा हुकमी एक्का होता चरखी दादरीचा. 12 नोव्हेंबर 1996 रोजी दिल्लीहून निघालेले सौदी विमान 14,000 फुटांवर होते. उतरणाऱ्या कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहायला सांगितले होते, ते खाली आले. 349 मृत्यू. कझाक वैमानिकांचे इंग्रजी कच्चे होते, हे मान्य. पण त्या विमानात बोलणारा रेडिओवाला वेगळा आणि त्याच्यापुढे उंची दाखवणारे स्वतःचे यंत्र नव्हते. दिल्लीच्या रडारच्या पडद्यावरही विमानाची उंची दिसत नव्हती. सारी भिस्त तोंडच्या शब्दावर. आणि मातृभाषा म्हणता, ती कुणाची? सौद्याची, कझाकाची, की दिल्लीकराची?

टेनेरिफनंतर शहाण्यांनी भाषा बदलली नाही, एक शब्द कुलपात ठेवला. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना अथवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे. सूचना मिळाली की नुसते ‘बरं’ म्हणून भागत नाही, ती परत म्हणून दाखवायची. आम्ही निगडीकर विमानाला लोहगावला जातो, तेथला मनोरा हवाई दलाच्या हाती आहे. तेथेही हीच पोपटपंची चालते आणि चालावी. आमच्या वक्त्यांना ती हास्यास्पद वाटली. मला ती आमच्या ‘हो हो, कळलं’पेक्षा शंभर पटींनी सभ्य वाटते.

खरा रोग भाषेत नाही, तो परत विचारण्याच्या लाजेत आहे. टेनेरिफच्या त्या डच विमानात फ्लाइट इंजिनिअरने विचारले होते, ते अमेरिकन विमान अजून बाजूला झाले नाही का? कॅप्टन कंपनीतला नावाजलेला शिक्षक. तो ठासून ‘झाले की’ म्हणाला, आणि इंजिनिअर गप्प बसला. आपल्याकडे तर साहेबाला ‘काय म्हणालात?’ विचारणे म्हणजे उद्धटपणा. शाळेपासून हेच वळण. हे वळण मराठीतून चालते, इंग्रजीतून चालते, आणि त्याविरुद्ध कोणत्याही कट्ट्यावर व्याख्यान होत नाही.

त्या हेल्परला येऊन तीन महिने झाले होते. तो प्रत्येक गोष्ट दोनदा विचारी. आदल्याच आठवड्यात, “एकदा सांगून कळत नाही का रे?” असे त्याला चारचौघांत दटावणारा सुपरवायझर मी होतो. चौकशीत दोष हेल्परचा ठरला. त्याला काढले. मला कुणी काही विचारले नाही, आणि मीही आपण होऊन सांगितले नाही.