बुडालेल्या गावांचे दप्तर

दिवाळी जवळ आली म्हणजे घरोघर झाडलोट सुरू होते. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते, आणि तिच्या तळाशी सापडलेला जुन्या कागदांचा गठ्ठा एकतर चुलीत जातो, नाहीतर रद्दीवाल्याच्या तागडीत पडतो. कर्त्या मुलास तो केर वाटतो. म्हातारी काही बोलू लागली तर तिचे कोणी ऐकून घेत नाही. आमच्या कोयनाकाठच्या वाचकांस आमची विनंती आहे की, त्या गठ्ठ्यास काडी लावण्यापूर्वी हा लेख वाचावा, अगर कोणाकडून वाचून घ्यावा, आणि मग काय करावयाचे ते करावे.

त्या गठ्ठ्यात असते तरी काय? पाटण आणि जावळीच्या डोंगरांत भात, नाचणी आणि वरी यांवर वर्ष निघत नसे, म्हणून घरटी एखादा गडी मुंबईस गिरणीत, गोदीत किंवा बाजारात ओझी वाहण्यास जाई. तो गावी मनिऑर्डर धाडी, आणि फॉर्मच्या खालच्या पट्टीवर दोन ओळी लिही. स्वतःस लिहिता येत नसेल तर मुंबईच्या मोठ्या पोस्टाबाहेर बसणाऱ्या पत्रलेखकास चार पैसे देऊन लिहवून घेई. इकडील क्षेम, तिकडील कळावे. लावणी झाली काय, म्हैस व्याली काय, सावकाराचे किती फिटले, धाकट्यास शाळेत घातले काय. सोबत कधी मुंबईच्या स्टुडिओत रंगीत पडद्यापुढे, दुसऱ्याचा कोट अंगात घालून काढलेला एखादा फोटो येई. गावी ती पत्रे तारेत ओवून भिंतीस टांगीत. तार भरली की गठ्ठा बांधून पेटीत जाई. हाच तो गठ्ठा.

हा गठ्ठा कोणत्याही गावी मोलाचाच. परंतु कोयनेच्या खोऱ्यात त्याचे मोल निराळे आहे, कारण तेथे पत्र उरले आणि पत्त्यावरचे गाव उरले नाही. १९५६ ते १९६४ या काळात हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली. तिच्यामागे आज १०५ अब्ज घनफुटांवर पाणी मावते. त्यास शिवसागर असे नाव आहे. त्या पाण्यापायी शंभराच्या आसपास गावे उठली. कोणी वर डोंगरावर सरकले, तर कोणास ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा दूरच्या मुलखांत नेऊन बसविले. येथल्या पाण्यावर झालेली वीज मुंबईस गेली. ज्यांची घरे पाण्याखाली गेली त्यांचेच भाऊ-बाप त्या मुंबईत गिरणीच्या साच्यावर उभे होते, हा योग वाचकांनी ध्यानात ठेवावा.

या उठलेल्या गावांची हकीकत कोठे लिहिलेली आहे? सरकारी दप्तरात भूसंपादनाचे कागद आहेत. त्यांत गट नंबर आहे, एकर-गुंठे आहेत, खातेदाराचे नाव आणि मोबदल्याचा आकडा आहे. परंतु त्या नंबरातील वरच्या पट्टीस घरचे लोक काय म्हणत, पाणवठा कोठे होता, सुतार आणि लोहार कोणत्या आळीस बसत, जत्रेस कोणाचा मान होता आणि कोणास बाहेर उभे करीत, यांतले काही त्या कागदांत नाही. ज्या कुळाच्या नावावर जमीनच नव्हती त्याचा तर तेथे मागमूसही लागावयाचा नाही. मुंबईच्या भावाचे जुने पत्र मात्र हे सारे सहज सांगून जाते, कारण त्याला आठवण गावाची येत होती, सातबाऱ्याची नव्हे.

कै. वि. का. राजवाडे यांनी दारोदार हिंडून जुने रुमाल गोळा केले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. ही कामे थोर आहेत. ज्याने कागद वाचविला त्याचे ऋण मानले पाहिजे. पण बहुतेक दारे कोणाची होती? सरदारांची, इनामदारांची, देशमुख-देशपांडे आणि कुळकर्णी यांची. कागद त्यांच्याकडे होते म्हणून इतिहासही त्यांचाच झाला. नांगरधाऱ्यास अक्षर येऊ लागल्याला फार दिवस झाले नाहीत. त्याच्या घरी पहिला कागद आला तो बहुधा पोस्टाने आला. आता त्याच्या घरी दप्तर आहे, आणि ते तो स्वतःच्या हाताने जाळीत आहे! यात दोष दुसऱ्या कोणाचा काढावा?

सांभाळले तर काय होते याचे उदाहरण आपल्याच घरातले आहे. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांस लिहिलेली तीन पत्रे आज छापून उपलब्ध आहेत: १८५६ आणि १८६८ ची नायगावाहून, १८७७ चे जुन्नरकडील ओतूराहून. शेवटच्यात त्या सालच्या दुष्काळाची हकीकत आहे. बायकोने नवऱ्यास लिहिलेला घरगुती कागद, पण दुष्काळात कोण कोणाच्या उपयोगी पडले हे त्यावरून कळते. आता दुसरी बाजू पहा. सातारा तालुक्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. त्यांचे स्मारक गावात आहे. त्या युद्धात फ्रान्सकडे गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे इंग्रजांचे अधिकारी फोडून वाचीत आणि त्यांतील उतारे इंग्रजीत उतरून ठेवीत. ते उतारे, त्यांत मराठी शिपायांचेही, आज लंडनच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. संशयाने पत्र फोडणाऱ्याने ते जपले, आणि ज्याच्या नावे आले त्याच्या घरी बहुधा एक चिटोराही उरला नाही. ही गोष्ट आम्हांस खाली मान घालावयास लावणारी वाटते.

कोयनानगरच्या लोकांस याहून जवळची गोष्ट सांगतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली, आणि कोयनानगरात बहुतेक घरे पडली. धरणाच्या भिंतीत बसविलेल्या यंत्राने तो धक्का टिपला, आणि ती वेडीवाकडी रेघ पुढे देशोदेशींच्या इंजिनियरांनी वर्षानुवर्षे अभ्यासली. भिंत कशी हलली ते जगास ठाऊक आहे. पण त्या सकाळनंतर मुंबईहून जी पत्रे आली असतील, कोण वाचले, आई सापडली काय, गुरे कोठे बांधली आहेत, ती कोठे आहेत? काही ढिगाऱ्यात आणि पावसात गेली असतील. पुष्कळशी मात्र आपल्या हातांनीच गेली असावीत, कारण मयताचे पत्र घरात ठेवू नये, वाचून लगेच फाडावे, अशी आपल्याकडे चाल आहे. या चालीने दुःख कमी झाल्याचे आम्ही पाहिले नाही. माणूस कोणत्या तिथीस गेले तेवढे मात्र विसरले गेले. फाडलेल्या कागदाने मरण टळत नाही. ही चाल आता टाकून द्यावी.

कोणी म्हणेल, गरिबाच्या पत्रात म्हैस आणि उधारी, त्यात इतिहास कसला? आमचे उत्तर असे की, तांदूळ काय भावाने होता, पगार किती होता, कोणत्या साली साथ आली, १९८२ च्या गिरणी संपात कोणत्या महिन्यापासून मनिऑर्डर थांबली आणि त्या वर्षी घराने काय विकले, हाच आपला इतिहास आहे. दुसरा कोणी म्हणेल, पत्रांत घरची भांडणे असतात, लाज असते. ते खरे आहे. अशी पत्रे कोणास दाखवू नयेत, पण जाळूही नयेत. बांधून घरातच ठेवावी. नातवाच्या पिढीस ती लाज वाटणार नाही.

व्यवहाराची एक गोष्टही सांगितली पाहिजे. कोयनेचे कित्येक धरणग्रस्त पाण्याला साठ वर्षे होत आली तरी जमिनीसाठी झगडतच होते. २०१८ आणि २०१९ साली त्यांनी कोयनानगरातच ठिय्या दिला. कचेरीत पहिला प्रश्न असतो तो कागदाचा. जुने पत्र म्हणजे काही सातबारा नव्हे, आणि तसे कोणी सांगू लागल्यास विश्वास ठेवू नये. पण पोस्टाचा शिक्का, गावाचे नाव आणि आजोबाचे नाव एका कागदावर असणे ही लहान गोष्ट नाही. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून पुढे आला तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे धरण्याची मुभा न्यायालयास १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने दिली होती. २०२३ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. चुलीत गेलेला कागद कोणत्याच न्यायालयात उभा राहत नाही.

आता काय करावे ते थोडक्यात. आमच्या खोऱ्यात कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. कागदाचा पहिला वैरी ओल. पेटी जमिनीवर किंवा भिंतीस लावून ठेवू नये. पावसाळा सरल्यावर कागद सावलीत वारा देऊन सुकवावे, उन्हात टाकू नयेत. लोखंडी तार काढून घ्यावी, गंजाने पत्र फाटते. फाटक्यास चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये गरम करून कायमचे बंद करवू नये. फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावी, आणि बायकांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहावी. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढ्याने भागवू नये. मोडी अक्षर दिसले तर निरुपयोगी समजू नये. मोडी वाचणारे अजून आहेत. हल्ली प्रत्येक घरी मोबाईल आहे. पोराकडून प्रत्येक कागदाचा आणि त्याच्या पाठीचा फोटो काढवून दोन-तीन नातलगांकडे ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे: मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये, तो कितीही विद्वान असो. नक्कल द्यावी. कागद दिला आणि घर गेले हे शेतकऱ्याने पुष्कळदा पाहिले आहे.

हेळवाक, कोयनानगर, तापोळा, बामणोली येथील आणि दूर नेऊन बसविलेल्या वसाहतींतील शिक्षकांनी मनावर घेतले, तर मुलांकडून एकेका गावची वही होऊ शकेल: कोणाचे घर कोठे होते, शेजारी कोण, नदी किती पावलांवर. भावकी चार जिल्ह्यांत विखुरली आहे. एकाकडे पत्र आहे तर दुसऱ्याकडे फोटो, आणि तिसऱ्याच्या आजीस त्या फोटोतली माणसे ओळखता येतात. ही तीन एकत्र बसली पाहिजेत. त्यांस सरकारी मंजुरी लागत नाही, वर्गणीही लागत नाही.

पाणी भरले तेव्हा जी दहा-बारा वर्षांची पोर होती ती आज सत्तरी ओलांडून गेली आहे. कागद आणखी पन्नास वर्षे टिकेल. त्यातली माणसे ओळखणारी मात्र तितके दिवस थांबणार नाही. तरी यंदाच्या झाडलोटीत पेटी उतरवाल तेव्हा ती प्रथम तिच्यापुढे ठेवा, फोटो एकेक करून तिच्या हाती द्या, आणि हा कोण, ही कोण, असे विचारून ती सांगेल ते लिहून घ्या.