भरतकामाला गोंद लावू नका

आमच्या धुळ्यात जुन्या घरांच्या पुढच्या खोलीत मॅटीवर फुलीटाक्यानं भरलेला मोर किंवा राधाकृष्ण अजून दिसतो. जवळ जाऊन पाहिलं की जीव हळहळतो. टाके काचेला चिकटून चपटे झालेले, कापडावर पिवळे डाग. यात भरणारीचा काही दोष नाही, फ्रेम करणाऱ्यानं घाई केलेली असते. कापड पुठ्ठ्यावर गोंदानं चिकटवलं की काम झटपट उरकतं, पण गोंद पुढे पिवळा पडतो आणि कापड धडपणे सुटत नाही.

आईचा मोर मी स्वतःच बसवला. रंग सुटत नाही हे पाहून थंड पाण्यात धुतला, टॉवेलवर पालथा घालून इस्त्री केली. कडा पुठ्ठ्यामागे वळवून दोऱ्यानं या काठापासून त्या काठापर्यंत ओढून शिवल्या. खरी कसोटी इथेच! मॅटीची वीण पुठ्ठ्याच्या कडेला समांतर राहिली नाही, तर मोर कलतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४ अंशांवर जातो. फ्रेम टांगताना थेट ऊन येणारी भिंत टाळाच, रंग उडतात.

फ्रेमवाल्याला आधीच बजावा: गोंद नको, काच टाक्यांना टेकू नये म्हणून माउंट हवा. चार पैसे जास्त मागितले तर द्या.