केक मोडतो, पण दुखणं रस्त्याचं असतं

परवा सांगलीहून एका ताईंचा फोन आला. रिसेप्शनला तीन टियरचा केक हवा होता. रेट ठरला, डिझाइन ठरलं, आणि डिलिव्हरीचे अडीच हजार म्हटल्यावर ताई एकदम गप्प. मग म्हणाल्या, "अहो, केक पाठवताय का वरात?"

राग नाही आला. दोन वर्षांपूर्वी मीही असाच विचार करायचे.

मंडळी, सातारा ते सांगली म्हणजे कराड, पेठ नाका, आष्टा करत साधारण सव्वाशे किलोमीटर. जाऊन-येऊन अडीचशे. पेट्रोल, टोल, केकसाठी सगळा वेळ एसी चालू. आणि गाडी चालवायची ती बाळंतिणीला घरी आणतात तशी.

गेल्या मे महिन्यात मी एक चूक केली. सहा किलोचा केक साताऱ्यातच पूर्ण उभा केला आणि मागच्या सीटवर ठेवला. सीटला मागे उतार असतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. सांगली जवळ आली, अंधार पडलेला, आणि एका गावात समोर अचानक गतिरोधक. पट्टे नाहीत, बोर्ड नाही. यांनी करकचून ब्रेक मारला. वरचा टियर सरकून खालच्यावर बसला. हॉलवर जाऊन गुलाबाच्या फुलांनी भगदाड झाकलं आणि निम्मे पैसे परत केले. फोटोत केक छान दिसला म्हणे. मी मात्र घरी येईपर्यंत रडत होते.

तेव्हापासून टियर वेगवेगळ्या खोक्यांत नेते. प्रत्येकाखाली स्वतःचा बोर्ड, खालच्या टियरमध्ये वरचं वजन पेलायला डॉवेल. रात्रभर फ्रीजमध्ये घट्ट केलेला केक, डिकीच्या सपाट तळावर, खाली न घसरणारी मॅट. उभारणी हॉलवरच. म्हणून सांगते, कार्यक्रमाआधी तासभर द्या आणि एक न डुगडुगणारं टेबल द्या. आणि पैसे वाचवायला स्कूटरवर मांडीवर केक घेऊन जाऊ नका हो!

एवढं झालं माझ्या बाजूचं. आता रस्त्याच्या बाजूचं बोलू.

गतिरोधक नकोत असं मी म्हणत नाही. शाळेसमोर हवाच. पण तो कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसने कधीच लिहून ठेवलंय. गोलाकार उंचवटा, रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, ताशी 25 किलोमीटरने गाडी आरामात जाईल असा. वर काळे-पांढरे पट्टे आणि 40 मीटर आधी सूचनेचा बोर्ड. आपल्याकडे काय दिसतं? अपघात झाला की दुसऱ्या दिवशी हातभर रुंदीचा डांबराचा ढीग. त्यावरून 25 ने सोडा, 10 ने गेलं तरी डोकं छताला लागतं. पाइपलाइनसाठी खोदलेली चर बुजवून जो उंचवटा राहतो, तो तर कुणाच्या हिशोबातच नाही.

तुम्ही म्हणाल, एका केकसाठी एवढं? केकचं काय, पैसे परत देता येतात. पण याच रस्त्यांनी मिरजेच्या दवाखान्यांत पेशंट जातात. मणक्याचे, हाडं मोडलेले, दिवस भरलेल्या बायका. तासगावची द्राक्षं जातात, अंडी जातात, टोमॅटो जातात. केक फक्त लगेच दाखवतो, बाकीचे सोसतात.

त्यामुळे माझी मागणी साधी आहे. नवीन गतिरोधक नको, आहे तोच मापात करा. आणि पट्टे तरी रंगवा, त्याला कितीसा खर्च येतो? आपणही एक करू. आपल्या गावातल्या गतिरोधकाला टेप लावा, फोटो काढा आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

मी माझ्या गल्लीतला मोजला. रुंदी 60 सेंटिमीटर, उंची 17. अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे आहे. काय होतं ते इथेच सांगेन.

आणि हो, त्या ताईंनी ऑर्डर कन्फर्म केली. म्हणाल्या, "या सावकाश, टेबल भक्कम ठेवते."

तुमच्याकडचा गतिरोधक किती भरला, कमेंटमध्ये नक्की लिहा.