ऊस आपला, धूरही आपलाच!

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प केंद्र सरकारने २००१ साली देशात तीन ठिकाणी सुरू केले. त्यांतले एक ठिकाण होते सांगली जिल्ह्यातील मिरज. पाच टक्क्यांपासून निघालेला हा प्रवास २०२५ साली वीस टक्क्यांवर पोहोचला. कृष्णा-वारणेकाठच्या उसाचा त्यात वाटा आहे आणि त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण हे इथेनॉल गेले मोटारसायकलीत आणि मोटारीत. ज्या ट्रॅक्टरने तो ऊस कारखान्यावर आणला, तो मात्र अजून डिझेलच पितो आहे. गळीत हंगामात इस्लामपूर-कराड पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि त्यांचा काळा धूर रस्त्याकडेच्या गावांनी मुकाट्याने गिळायचा असतो. देशात पेट्रोलच्या दुपटीहून अधिक डिझेल जळते. अल्कोहोलचा खरा कस लागायचा तो इथेच.

मग डिझेलच्या टाकीत इथेनॉल ओतले की काम झाले, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटावे लागते. ही पेट घेण्याची क्षमता सीटेन अंकाने मोजतात. आजच्या डिझेलचा तो किमान ५१ असतो, इथेनॉलचा जेमतेम ८. शिवाय थोडे पाणी शिरले की इथेनॉल आणि डिझेल वेगळे होतात. इथेनॉलला वंगण कमी, त्यामुळे पंप झिजतो. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे, असे मिश्रण पेट्रोलसारखे चटकन भडकते. म्हणून गोठ्यातल्या बॅरलमध्ये हा प्रयोग कोणी करू नये.

मार्ग आहेत, पण ते कारखानदारीच्या शिस्तीचे आहेत. एक म्हणजे, इंजिनात जाणाऱ्या हवेबरोबर अल्कोहोलची वाफ सोडायची आणि ती पेटवायला थोडे डिझेल वापरायचे. दुसरा, डिझेलशी अधिक सहज मिसळणाऱ्या आयसोब्युटेनॉलचा; त्यावर आपल्याकडे चाचण्या सुरू झाल्या आहेत. तिसरा स्वीडनचा. तेथे जास्त दाबाच्या खास इंजिनांत, पेट घेण्यास मदत करणारे द्रव्य घातलेले ९५ टक्के इथेनॉल वापरून शहर बसगाड्या वर्षानुवर्षे धावल्या. अल्कोहोलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने काजळी खूप घटते. तीच बस २०१४ साली नागपुरात आली आणि २०१८ साली बंद पडली. ती अडली व्यवहारात. इंजिनाने दगा दिला म्हणून नव्हे.

व्यवहार तर आपल्यालाही चुकणार नाही. २०२४-२५ च्या हंगामात शेवटच्या मळीपासून केलेल्या इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे दर ठरला. एक लिटर इथेनॉलमध्ये डिझेलच्या साधारण साठ टक्केच ऊर्जा असते. म्हणजे डिझेलच्या एका लिटरचे काम करायला सुमारे ९७ रुपयांचे इथेनॉल लागले असते. तेव्हा करासह डिझेल नव्वदीच्या आसपास होते. हा तोटा वाहतूकदाराच्या गळ्यात मारून चालणार नाही. त्याचा ट्रॅक्टर बहुधा कर्जाचा असतो.

याहून मोठा हिशेब पाण्याचा. इथेनॉलच्या नावाने उसाचे क्षेत्र आणखी वाढवायचे असेल, तर ते पाणी कोणाच्या वाट्याचे? जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांनी टेंभू-म्हैसाळच्या पाण्यासाठी पिढी घालवली. आसवनीच्या सांडपाण्याचा प्रश्न आणखी वेगळाच. धूर कमी करून नदी काळी केली, तर स्वच्छ इंधन म्हणायचे कशाला?

उत्तराची एक वाट सातारा जिल्ह्यातच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नारी'ने, ऐंशीच्या दशकापासून गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल काढण्यावर काम केले आहे. गोड ज्वारी उसापेक्षा कितीतरी कमी पाण्यावर, काही महिन्यांत येते. कणीस खायला, ताटाचा रस अल्कोहोलला आणि चिपाड जनावरांना, असा तिचा हिशेब. दुष्काळी शेतकऱ्याला यातला वाटा मिळायला हवा.

तेव्हा मागणी साधी आहे. दोन्ही जिल्ह्यांतील कारखान्यांनी मिळून, स्वतःच्या मालकीच्या मोजक्या वाहनांवर आणि जनरेटरवर एक पूर्ण हंगाम प्रयोग करावा. इंजिन बनवणाऱ्या कंपनीची लेखी हमी घ्यावी. इंधनाची टाकी आणि पंप कारखान्याच्या आवारातच ठेवावा, मिसळ प्रशिक्षित माणसाने करावी. अल्कोहोल मळीचे किंवा गोड ज्वारीचे असावे. त्यासाठी उसाचा एकही नवा एकर नको. आणि धूर, खर्च, बिघाड यांचे आकडे सभासदांपुढे वार्षिक सभेत जसेच्या तसे मांडावेत, वाईट असले तरी.

सहकाराने या भागाला साखर दिली, शाळा दिल्या, सत्ताही दिली. देशाच्या पेट्रोलला गोडवा देणाऱ्या भागाला आपल्याच रस्त्यावरची काजळी पुसता येऊ नये, हे शोभणारे नाही.