नाव मुंबईचे, घड्याळ स्वित्झर्लंडचे

तंजावरजवळच्या तिरुवैयारूत, भोसल्यांच्या काळात तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरात आजोबांच्या पेटीतून खिशातले घड्याळ निघते. तबकडीवर ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे-कलकत्ता’ असे वाचून मंडळी नाक मुरडतात : म्हणजे देशीच की! तसे नव्हे. घड्याळ अस्सल स्विस. १८८६ पासून हे नाव हिंदुस्थानच्या बाजारासाठी वापरले गेले. हिंदी सैन्यात आणि रेल्वेत ही घड्याळे होती. त्यांतले ‘सोवार’ हे नाव तर आपल्या ‘स्वारा’चेच! काहींच्या पोटात लाँजिन्सचे यंत्रही सापडते.

खरी ओळख मागच्या झाकणाआड. चांदीचे असेल तर आतून अस्वलाचा शिक्का आणि ०.९३५ हा शुद्धतेचा आकडा, यंत्रावर क्रमांक. शिवाय बारीक टोकाने ओरखडलेल्या खुणा : घड्याळ उघडणारे घड्याळजी आपली तारीख तिथे टाकून ठेवत. आजोबांनी ते किती जपले, हे तिथे कळते.

झाकण जाणत्या घड्याळजीकडूनच उघडून घ्यावे. काळवंडलेली तबकडी मात्र रंगवून घेऊ नये. जुने नाव पुसले की ओळखही गेली. अंधारात चमकणारे काटे तर मुळीच खरवडू नयेत, जुन्या रंगात रेडियम असू शकते.