अस्सल, नक्कल आणि पावती

१९६२ साली अमेरिकेचे माजी शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांनी एसी या ब्रिटिश कंपनीच्या हलक्या मोटारीत फोर्डचे दणकट इंजिन बसविले आणि ‘कोब्रा’ ही स्पोर्ट्स कार जन्मास आली. अशा गाड्या जेमतेम हजारभर झाल्या. २०१६ मध्ये त्यांतील पहिली गाडी लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. साहजिकच सामान्य हौशी मंडळी सुटे भाग आणून, वर फायबरग्लासची बॉडी चढवून तिची प्रतिकृती घरीच जोडतात.

ही मंडळी एकत्र आली की वाद ठरलेले. कोणी फोर्डऐवजी शेव्हरोलेचे इंजिन बसविले, तर त्याची यथेच्छ थट्टा होते. दुसरा वाद चिन्हाचा. जी अस्सल नाही, तिच्यावर नागाचे चिन्ह मिरवू नये, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष हसून आठवण देतो, की गाड्या पुष्कळ आहेत असे भासावे म्हणून शेल्बी यांनीही आरंभी एकच कोब्रा निरनिराळ्या रंगांत रंगवून पत्रकारांपुढे उभी केली होती!

या थट्टेत कटुता नसते, कारण गाडी नक्कल आहे हे सर्वांना ठाऊक असते. प्रश्न उद्भवतो तो विक्रीच्या वेळी. इमिटेशनचा दागिना इमिटेशन म्हणून विकणे हा सचोटीचा व्यापार. तोच सोन्याच्या भावाने देणे ही फसवणूक. गाडी तिसऱ्या-चौथ्या हाती जाते, तेव्हा खरे सांगणारा मित्र सोबत नसतो, कागद असतो. म्हणून चिन्हाचा वाद खुशाल चालू द्यावा. पावतीवर मात्र ‘प्रतिकृती’ हा शब्द ठळकपणे लिहावा.