मुलगा मागावयास येणारे

वाचकहो, फुटबॉल म्हटला की आपणांपुढे पायाने खेळावयाचा गोल चेंडू उभा राहतो. अमेरिकेतील त्याच नावाचा खेळ निराळा. तेथे लांबट चेंडू हातांत धरून धावतात. डोक्यावर शिरस्त्राण असते आणि खेळाडूची हाडे मोडणे ही नवलाची गोष्ट नसते. तो खेळ तेथील महाविद्यालयांनी वाढविला. त्यांत इंडियाना राज्यातील नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाचे नाव मोठे आहे. होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी ते १८४२ साली स्थापिले.

हे नाव केवळ विजयांनी मोठे झाले नाही. शंभर वर्षांपूर्वी आयरिश, इटालियन, पोलिश कॅथलिक मजुरांस अमेरिकेत हीन लेखीत असत. १९२४ च्या मे महिन्यात कॅथलिकद्वेष्ट्या क्लॅन संघटनेचे लोक विद्यापीठाशेजारच्या साऊथ बेंड गावात जमले व विद्यार्थ्यांशी त्यांची झटापट झाली. त्याच वर्षी नोत्र दामचा संघ एकही सामना हरला नाही. ज्या मजुरांनी महाविद्यालयाचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता, त्यांना तो संघ आपल्या घरचा वाटू लागला. आपला मुलगा तेथे खेळावा, ही त्यांची आस बनली.

त्या संघाचे गुरू नूट रॉकनी हे नॉर्वेत जन्मलेले ल्यूथरपंथीय. शिकागोच्या टपालखात्यात काम करून ते १९१० साली, बाविसाव्या वर्षी, शिकावयास आले. १९१८ ते १९३० या काळात त्यांनी १०५ सामने जिंकले, अवघे १२ हरले. १९२५ साली त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला.

आज रीत पालटली आहे. प्रशिक्षक शाळकरी मुलाच्या घरी जातात, आईबापांशेजारी बसतात, शिष्यवृत्तीचे वचन देतात. १९७३ पासून २०१२ पर्यंत ती शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे. गुडघा निकामी झालेल्या मुलाचे पुढल्या वर्षी काय, याची हमी नसे. २०२१ पासून खेळाडूस आपल्या नावावर पैसा मिळविण्याची मुभा मिळाली, आणि एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाणेही सोपे झाले. २०२५ पासून महाविद्यालये स्वतःच खेळाडूंस पैसे देऊ लागली.

कित्येक जुने लोक याने हळहळतात. आम्ही मात्र मुलांस दोष देणार नाही. नोत्र दामचे घरचे सामने १९९१ पासून एन.बी.सी. ही दूरचित्रवाणी कंपनी दाखविते व त्याचा मोबदला विद्यापीठास मिळतो. श्रम करणाऱ्याला न्याय्य वेतन मिळावे, ही शिकवण पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच दिली. ज्याचे अंग ठेचते त्याने तेवढे रिकाम्या हाती राहावे, हा न्याय नव्हे.

परंतु पैशाने मुलगा येतो. टिकतो तो दुसऱ्याच कशाने. नोत्र दामचे शेवटचे राष्ट्रीय अजिंक्यपद १९८८ सालचे. २०२५ च्या जानेवारीत संघ अंतिम सामन्यास पोहोचला आणि ओहायो स्टेटकडून ३४–२३ असा हरला. इतकी वर्षे मुकुट नाही, तरी मुले येतच आहेत. कारण तेथे पदवी पुरी करून घेतात, आणि खेळ संपल्यावरही माणसाला घर राहते. खरी परंपरा ती हीच. सोनेरी शिरस्त्राण हा तिचा केवळ पोशाख.

तेव्हा खेळासाठी असो वा नोकरीसाठी, कोणी आपल्या दारी मुलगा मागावयास आला, तर आईबापांनी त्यास पाणी द्यावे, आदराने बसवावे. आणि मग किती देणार एवढेच विचारून थांबू नये. मुलगा जायबंदी झाला तर त्याला कोण पाहणार? त्याचे शिक्षण पुरे होणार काय? या दोन प्रश्नांवर जो पाहुणा अडखळेल, त्याच्या हाती पोटचा मुलगा देऊ नये.